सुनंदाबाईंच्या वाटचं ऊन

सुनंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला... महिना होत आला, तो अजून उतरलेला नाही.

हिंजवडीच्या आमच्या छोट्या शाळेत बाई भूगोल शिकवायच्या, मी मुख्याध्यापक. कसबा पेठेतून दोन बस बदलून यायच्या, पण पहिला तास कधी चुकला नाही. सूर्य वर्षभर एकाच वाटेने जात नाही, हे मुलांना पुस्तकातून कळेना, तेव्हा पेठेतल्या एका बुरुडाकडून त्यांनी बांबूच्या तीन कमानी वाकवून आणल्या आणि फळीवर ठोकल्या. उन्हाळ्याची डोक्यावरून जाणारी, हिवाळ्याची दक्षिणेकडे कललेली, तिसरी मधली. कमानीवरून छोटी बॅटरी सरकवत विचारायच्या, "सावली कुठे पडेल? आधी बोट ठेवा, मग बघू."

शाळेच्या दक्षिणेला वीस मजली इमारतींची रांग येणार असं कळलं, तशा बाई ती फळी घेऊन गावच्या बैठकीला गेल्या. महिना मे, भर दुपार. जमीन विकणारे पुढारी हसले. "बाई, पलीकडं एवढी बिल्डिंग उभी हाय. सावली कुठं हाय तिची?"

"अहो, आज नाही. मार्गशीर्षात बघा." बाईंनी खिडक्या लावायला लावल्या, फळीवर इमारती म्हणून काड्यापेट्या उभ्या केल्या, बॅटरी हिवाळ्याच्या कमानीवर धरली. खडूने आखलेलं शाळेचं सगळं पटांगण काळं झालं. लोक वाकून बघू लागले... आणि नेमकं तेव्हा मी म्हणालो, "बाई, पुरे. बसा खाली." बिल्डर शाळेला नवं छप्पर देणार होता ना!

इमारती झाल्या. थंडीत आमचे वर्ग पटांगणातल्या उन्हात भरायचे; आता मार्गशीर्षात शाळा सुटेपर्यंत तिथे ऊन नाही. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. सतरंज्या उचलून वर्ग रस्त्यापलीकडच्या उन्हात नेला आणि निवृत्त होईपर्यंत दर हिवाळ्यात, कंपन्यांच्या बसच्या हॉर्नवर आवाज चढवून शिकवत राहिल्या.

शोकसभेत तेच पुढारी गहिवरले. "पटांगणाला बाईंचं नाव देऊ." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

मी उठलो. "पटांगणाला नको. इमारती झाल्यावर थंडीत बाईंनी तिथे एकही तास घेतला नाही. पाटी रस्त्यापलीकडे लावा. आणि खाली लिहा, बाईंना गप्प बसवलं ते मुख्याध्यापकांनी. माझं नाव पूर्ण घाला."

"सर, आजच्या दिवशी हे कशाला?" पुढारी हळूच म्हणाले.

"त्या दिवशी बाईंच्या बाजूने बोललो नाही, म्हणून." एवढं म्हणून मी बाहेर पडलो. पण हे ऐकायला बाई नव्हत्या... त्याचा राग कुणावर काढू?