बाहेर बसायचे दिवस

रुख्माबाईंचा सारा जन्म मागाच्या खटखटीत गेला. कांड्यांवर सूत भरताना धागा तुटायच्या आधीच त्यांच्या बोटांना कळायचं. देवाधर्माच्याही पक्क्या. सून बाहेर बसली की चार दिवस तिनं मागाला शिवायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही.

चौऱ्याहत्तर साली सून सुभद्राचं पोट फाडून बाळंतपण झालं. मुलगी गुटगुटीत निघाली. पण पाच-सहा महिन्यांनी सुभद्राच्या टाक्यांतल्या एका बारीक भोकातून रक्त येऊ लागलं. रुख्माबाई तिला दवाखान्यात नेत. डॉक्टर चारुलताबाई पाहून म्हणत, "सुकलीय की जखम." घरी आलं की काही दिवसांनी पुन्हा लुगडं भिजायचं.

शेजारची जनाबाई म्हणालीच, "नाटकं करून राहिली तुयी सून. कांड्या भराचा कंटाळा, दुसरं काय."

एकदा सुभद्रा मागच्या दारी बाहेर बसली होती. रुख्माबाईंनी लांबूनच पाहिलं, तिनं फडकं पोटावर दाबून धरलं होतं.

"काहून वं, आज पोटातून रक्त येते?"

"याच दिवसांत येते, आत्याबाई. मंग बंद होते."

रुख्माबाईंच्या हातातली कांडी थांबली. म्हणजे दाखवायच्या दिवसांतच आपण तिला मागच्या दारी बसवून ठेवलं, आणि डॉक्टरीणबाईंपुढे नेली ती दर खेपेला कोरडी जखम. त्या उठल्या आणि सुभद्राचा हात धरला.

"शिवली वं तिले?" जनाबाई कुंपणापलीकडून म्हणाली.

"आंघोळ करीन मंग. देव काई पळून नाई जात."

दवाखान्यात चारुलताबाईंनी पट्टी सोडली आणि टाक्यांतून येणारं रक्त पुसून पाहिलं. "या दिवसांत आधी का नाही आणलंत, आजी?"

"माही चूक हाय, बाई. तिची काई नाई."

रंगाचं औषध घालून एक्स-रे काढला. गर्भपिशवीपासून पोटाच्या कातडीपर्यंत वाट पडली होती. "लाखांत एखादीला होतं," बाई म्हणाल्या. ऑपरेशन करून त्यांनी ती वाट काढून टाकली, पिशवी शिवली. दवाखान्यात रुख्माबाई पंधरा दिवस सुनेच्या खाटेखाली निजल्या, विठ्ठलाचं नाव घेत.

महिन्याभरानं सुभद्रा पुन्हा बाहेर बसली. रुख्माबाई तिच्याजवळ गेल्या, पदर बाजूला करून पोट पाहिलं. कोरडं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशीही. कोरडंच.

मग चरखा तिथंच ओढून घेऊन त्या सुनेला खेटून बसल्या आणि कांडी भरू लागल्या. त्या दिवशी त्यांची आंघोळ संध्याकाळपर्यंत राहिली.