निकांदरची परवानगी

निकांदर फेओफानोविच प्रेद्तेचेन्स्की काहीही मानत नसे. देव नाही, झार नाही, चित्रकला नाही, आणि कविता तर नाहीच नाही. बाप खेड्यातला पाद्री. पोरगं पाद्री घडवायच्या शाळेतून पळून पीटर्सबर्गला आलं, एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलं, निळा चष्मा घालायला लागलं आणि एका दुपारी स्वतःच्या सगळ्या कविता चुलीत घालून मोकळं झालं. त्या काळात आमच्याकडची निम्मी तरणी पोरं अशीच होती. लोक त्यांना शून्यवादी म्हणून नाकं मुरडत, आणि नाकं मुरडली की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

लग्न मात्र त्याने केलं होतं, तेही चर्चमध्ये. कर्नलसाहेबांच्या ग्लाफिराला डॉक्टर व्हायचं होतं आणि कर्नलसाहेब तिला उंबरा ओलांडू देईनात. मुलगी सुटावी कशी? तर कुणीतरी भल्या माणसाने नावापुरता नवरा व्हायचं, बापाच्या तावडीतून तिला काढायचं आणि दुसऱ्या दिवसापासून आपापल्या वाटेने जायचं. शेजाऱ्याला छत्री द्यावी इतक्या सहजपणे तेव्हा असली लग्नं लागत. निकांदरने छत्री दिली.

लग्नात नवरानवरीच्या पायाशी गुलाबी कापड अंथरतात. त्यावर ज्याचा पाय आधी पडेल, घरात सत्ता त्याची. हे दोघे समतेचे पाईक! दोघंही कापडाच्या कडेला खांब होऊन उभे. तू आधी की मी आधी, कुणीच हलेना. शेवटी पाद्रीबुवा वैतागले, "अहो, चर्च बंद करायचंय मला!" म्हणत त्यांनी निकांदरला मागून ढकललं. पाय पडला तो त्याचाच. ग्लाफिराची म्हातारी दाई फेक्ला मागे उभी होती. ती म्हणाली, "पडला गं बाई पाय! आता फेडा!" दोघं खो खो हसली.

मग वासिल्येव्स्की बेटावरच्या घरात सात जणांचा एकत्र संसार सुरू झाला. संसार म्हटलं की ते रागवायचे, त्यांचा शब्द होता संघ. देवाच्या तसबिरी ठेवायच्या कोपऱ्यात साखरेचा डबा. एकमेकांना आडनावाने हाक मारायची आणि 'तू' म्हणायचं. दार वाजवल्याशिवाय कुणाच्या खोलीत शिरायचं नाही. मत्सर ही मालकांची खोड, ती संघात चालणार नाही. यातला शेवटचा नियम निकांदरनेच लिहिला होता, शुद्धलेखनाची एकही चूक न करता.

संध्याकाळी ग्लाफिरा त्याला मूळ प्रत वाचून दाखवी आणि तो मुद्रितावर खुणा करी. कापलेले केस, बोटांना शाई, वाचता वाचता मध्येच काळ्या पावाचा घास. दुसरा हिवाळा येईपर्यंत निकांदर तिच्यावर पुरता लट्टू झाला होता. ती म्हणे, "प्रेद्तेचेन्स्की, मीठ दे." आणि त्याला वाटे, हिने एकदाच, फक्त एकदाच, आपल्याला नवरा म्हणावं.

आणि मग आला मोदेस्त. हा चित्रकार होता. चित्रं निरुपयोगी आहेत असं ठरवून त्याने रंग टाकून दिले होते. आता तो जुन्या चित्रांच्या पाठीवर ग्लाफिराच्या अभ्यासासाठी माणसाची हाडं काढून देई. हाडंही मेल्याने इतकी सुरेख काढावीत! ग्लाफिरा त्याच्या खांद्यावरून वाकून बरगड्या मोजी आणि हसे. बरगड्यांत हसण्यासारखं काय असतं? भिंतीपलीकडे निकांदर तेच ते वाक्य दहादा वाचत बसे. मोदेस्तने तिच्या पेल्यातून चहा प्यायला की याचा चहा कडू होई. मोदेस्त नुसता खोकला तरी याच्या अंगाचा तिळपापड होई. आणि शुक्रवारच्या सभेत उठून हाच म्हणे, "मोदेस्त हा आपल्यातला सर्वांत मोकळा माणूस आहे."

"मोकळा?" कोबीचं सूप ढवळता ढवळता, ग्लाफिरापाठोपाठ या घरात आलेली फेक्ला पुटपुटे. "स्वतःचं तोंड बघ जरा. पिवळं पडलंय मेलं."

मार्चमध्ये ग्लाफिराने सांगितलं की झुरिकला बायकांना डॉक्टरकी शिकवतात, तिला जायचंय, मोदेस्तही चाललाय. फक्त नवऱ्याची लेखी परवानगी हवी, त्याशिवाय बाईला पासपोर्ट मिळत नाही. कागद तिने साखरेच्या डब्याशेजारी ठेवला. "एवढी सही कर, प्रेद्तेचेन्स्की."

निकांदर उभा राहिला. आतून तो पेटला होता, पण तोंडातून जे आलं ते बर्फासारखं थंड. "मी सही करू शकत नाही. परवानगी देणारा मी कोण? परवानगी देणं म्हणजे मालकी कबूल करणं. ग्लाफिरा स्वतंत्र आहे. झारच्या कागदावर सही करून मी तिला गुलाम ठरवणार नाही!"

सगळे थक्क झाले. मग टाळ्या पडल्या. मोदेस्तच्या तर डोळ्यांत पाणी. त्याने निकांदरला घट्ट मिठी मारली. "भाई, आम्ही सगळे तुझ्यापुढे भुरटे रे!" ग्लाफिराने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती त्याच्याकडे बघत राहिली.

ती राहिली, पण मोदेस्तही राहिला. त्यामुळे निकांदरला विस्तव घरातच सांभाळावा लागला. ग्लाफिराने दुसऱ्या वाटा शोधून पाहिल्या, सगळ्या बंद निघाल्या. तिने हाडांची चित्रं गुंडाळून ठेवली. ती आता हसत नसे. निकांदरला याचा आनंद होई आणि त्या आनंदाची लाज वाटे.

ईस्टरनंतर एका सकाळी फेक्ला तिला म्हणाली, "तुझ्या त्या काही न मानणाऱ्याच्या पेटीत काय आहे माहितीये? लग्नात हातात धरलेली मेणबत्ती. रुमालात गुंडाळून ठेवलीय."

ग्लाफिराने डोक्याला रुमाल बांधला, बायकामाणसं बांधतात तसा, आणि दार न वाजवता निकांदरच्या खोलीत गेली.

"अहो," ती म्हणाली.

निकांदरच्या हातातली लेखणी थांबली.

"तुम्ही माझे नवरे आहात. बायको म्हणून मागते, मला जाऊ द्या."

"नाटक करतेस?"

"हो. पण हवं होतं ना तुम्हाला?"

"मोदेस्त येणार बरोबर?"

"येणार."

"जीव आहे त्याच्यावर?"

"आहे."

"मग मी का सही करू?"

"नका करू. पण नाही म्हणायचं तर नवरा म्हणून म्हणा. ते टाळ्यांचं भाषण नको. त्या दिवशी नुसतं 'मी जळतोय' म्हणाला असतात ना, तर मी तुमच्याशेजारी बसून रडले असते."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "जळतोय. तो खोकला तरी त्याचा गळा दाबावासा वाटतो."

ती खरंच त्याच्याशेजारी बसली आणि रडली. त्याने कागद ओढला आणि सुबक अक्षरात लिहिलं, की माझी कायदेशीर पत्नी ग्लाफिरा हिला परदेशी राहण्यास माझी परवानगी आहे. 'पत्नी' या शब्दावर लेखणी रेंगाळली. सवयीने त्याने तीनदा तपासून पाहिलं. चूक नव्हती.

ती डॉक्टर झाली, डोंगरातल्या कुठल्याशा गावी मोदेस्तबरोबर राहिली. वर्षाला एक पत्र येई. सुरुवात 'प्रेद्तेचेन्स्की', शेवटी 'मोदेस्त आठवण काढतो'. ते शेवटचं वाक्य निकांदर अंगठ्याने झाकून वाची. संघ कधीच मोडला होता. छापखाना तोच होता, चष्मा आता साधा होता.

मग देशभर शिरगणती झाली. गणणारा तरुण त्याच्या खोलीत टेबलाशी बसला.

"धर्म?"

"मी काही मानत नाही."

"आजोबा, तसा रकाना नाही. ऑर्थोडॉक्स लिहितो. लग्न?"

"झालंय."

"बायको कुठे?"

"परदेशी."

"कधीपासून?"

"सत्तावीस वर्षं झाली."

तरुणाने वर पाहिलं. "म्हणजे सोडून गेली म्हणा की."

निकांदर फेओफानोविच टेबलाला धरून उभा राहिला.

"नीट लिहा," तो म्हणाला. "माझ्या परवानगीनं गेलीय."