थर्स्बीने लगाम खेचला

कॅप्टन थर्स्बी रानडुकराला पाहून पळाला, ही कुजबुज एका दुपारीत अख्ख्या मेरठ छावणीत फिरली. मडमा चहाबरोबर तेच चघळत होत्या. आमच्या सईसांनी तर त्याच्या घोड्याचं नाव ‘ससा’ पाडलं.

बावीस वर्षं आमच्या रिसाल्यात घासलेला माणूस. कुठल्या स्वाराची घोडी कोणत्या पायाने लंगडते हे त्याला पाठ, आणि पंजाबी शिव्या माझ्याहून अस्सल. बाप खेड्यातला पाद्री, म्हणजे वर ओढून घेणारं कुणी नाही. सरहद्दीवर खांद्यात गोळी घेतली, तरी कॅप्टनचा कॅप्टनच. त्या हिवाळ्यात एका तुकडीच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. ती यालाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. देणारा होता कर्नल हेझलडीन.

तेवढ्यात गंगेकाठची ती रानडुकराची शिकार आली, घोड्यावरून भाल्याने करायची. गवत घोड्याच्या छातीपर्यंत. पहिला भाला ज्याचा, सुळे त्याचे. आणि दुसऱ्याच्या वाटेत घोडा घालायचा नाही, हा साहेब लोकांचा धर्म. थर्स्बी सर्वांच्या पुढे होता. भाला लागणार तोच त्याने लगाम खेचला. सुळे कर्नलला मिळाले. मागच्या साहेबांना गवतातून एवढंच दिसलं.

मेसचा खानसामा सांगत होता, डुकराचं मांस वाढलं तेव्हा एक मिसरूड न फुटलेला लेफ्टनंट थर्स्बीला म्हणाला, “घ्या सर, बिनधास्त घ्या. आता हे अंगावर येत नाही.” सगळे हसले. कर्नलसुद्धा हसला. घास कसा उतरला त्याच्या घशाखाली, कोण जाणे.

सकाळी तबेल्यात मी थर्स्बीला गाठलं. “साहेब, शिकारीत मी तुमच्या डाव्या हाताला होतो. जाऊन सगळं सांगतो.”

तो एका घोडीचा खूर तपासत राहिला. “नाहरसिंग साहेब, पेन्शनला किती राहिलं?”

“दोन वर्षं.”

“मग तुम्हाला गवतात काही दिसलं नाही. शब्द द्या.”

दिला. अजून जिभेवर कडू लागतो.

तुकडी कर्नलच्या भाच्याला गेली. त्याला रिकीब कुठली आणि तंग कुठला, हे सईसाने दाखवावं लागे. थर्स्बीला सरकारी खेचरं विकत घ्यायला धाडलं. तिथेच तो तापाने गेला. कर्नलने विलायतेत ते सुळे चांदीत मढवून भिंतीवर लावले म्हणे.

आता कर्नलही मातीत गेला. माझा शब्द फिटला.

त्या दिवशी कर्नलने थर्स्बीच्या वाटेत घोडा आडवा घातला. थर्स्बीने लगाम खेचला नसता, तर भाला कर्नलच्या पाठीत गेला असता.