आढाव सरांचा बारक्या गिटारीचा क्लास

ख्रिस्तोफर आढाव यांनी अख्खी नोकरी माल नापास करण्यात घालवली. राहायला केडगावात, कामाला रांजणगावला. रोज मोटरसायकलवर चौफुला, न्हावरा करत कारखाना गाठायचा, ब्रेकचे सुटे भाग एकेक करून ट्यूबलाइटखाली धरायचे आणि ज्यात खोट दिसेल त्यावर लाल पट्टी मारायची. पुढं पुढं ही पट्टी कारखान्याबाहेरही लागायला लागली. लग्नाच्या मांडवात शिरल्या शिरल्या त्यांना दिसायचं, की नवरदेवाच्या कोटाची डावी बाही सूतभर खाली आहे. दिसलं की ते सांगायचे. नवरदेवालाच सांगायचे.

युकुलेले त्यांच्याकडं आलं ते मिझोरमच्या एका इंजिनियरमुळं. तो पोरगा शिरूरला खोली घेऊन एकटा राहायचा आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागं बसून वाजवायचा. आढावांनी पहिल्याच दिवशी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तिसरी तार उतरलीय." उतरलीच होती. तिथून दोघांचं जमलं. पोराची बदली झाली तेव्हा ती चार तारांची बारकी गिटार तो आढावांच्या हातात देऊन गेला. आढाव रोज स्वतःला नापास करत करत वाजवायला शिकले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लास काढला. दर रविवारी, उपासना सुटली की चर्चमागच्या हॉलात. पाळकसाहेबांनी हॉल फुकट दिला, फक्त एक अट घातली: शिकणारं कोणीतरी असेल तोवर किल्ली सरांकडं. त्या वेळेवर महिला मंडळाचा डोळा होता.

पहिल्या रविवारी हॉल भरला. सरांनी सांगितलं ते सोळा आणे खरं होतं. "डाव्या हाताची नखं कापा. रोज थोडं वाजवा, चहा उकळतोय तेवढा वेळ. सहा दिवस दांडी मारून रविवारी भरपाई करायची नाही. दोनच कॉर्ड, म्हणजे बोटांच्या दोनच मांडण्या, घ्या आणि हळू बदला. हळू जे जमत नाही, ते जोरात तर नाहीच जमत."

माना डोलल्या. पंचाईत पुढंच होती.

यवतच्या सारिकाबाई, शाळेत शिक्षिका, महिन्याभरानं एक कडवं वाजवून दाखवायला उभ्या राहिल्या. सरांनी डोळे मिटून ऐकलं. "अंगठा वर आलाय. मनगट मोडलंय. चौथी तार दबलीच नाही. मोजणी घाईची. हां, पुढचं कोण?" सारिकाबाई हसल्या. पुढच्या रविवारी त्यांचा निरोप आला, की घरी पाहुणे आलेत. ते पाहुणे अजून गेलेले नाहीत.

कारखान्यात शिफ्ट करणारा धम्मदीप तोंडावर बोलून गेला. "सर, राग मानू नका. हप्ताभर सायबाचं ऐकतो. रविवारची सुट्टी पायजे हो."

असं होत होत राहिल्या एकट्या कृपाबाई.

कृपाबाई साठीच्या पुढच्या. उभी हयात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली, आणि तेवढीच चर्चच्या गायकमंडळात. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्यासंगं आवाज गेला. उरला तो सुपात धान्य पाखडल्यासारखा. दर रविवारी गीतं सुरू झाली की त्या पुस्तक उघडून, तोंड मिटून बसायच्या. "तोंड मिटून बसायला मी काय देवाच्या घरी पाव्हणी हाय व्हय?" असं म्हणत त्यांनी भाच्याकरवी पुण्याहून युकुलेले आणवलं. हंगामाच्या सणाला गायकमंडळात बसून वाजवायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. गळा न्हाई तर न्हाई, बोटं हायेत.

पण एफ कॉर्डवरून जी-सेव्हनला जाताना बोटांची चेंगराचेंगरी व्हायची. सर डोळे मिटून सांगायचे, "उशिरा पडलं. परत उशिरा. आता तर चुकीच्या तारेवर." कृपाबाई दात आवळून परत वाजवायच्या. एका रविवारी मात्र त्यांनी सरांच्या बायकोला, फेथला, हॉलाबाहेर गाठलं.

"माझ्याच्यानं व्हत न्हाई गं फेथ. लोकं शिकत्यात तशा चुका कमी व्हत्यात. माझ्या वाढत्यात. दर हप्त्याला सर नवीन काढत्यात."

फेथनं घरी येऊन नवऱ्यापुढं ताट ठेवलं आणि समोर बसली.

"कृपाबाई गेल्या की किल्ली गेली. मग रविवारची दुपार तुम्ही घरात. मला ते झेपायचं न्हाई."

"मी खोटं काही सांगितलं का?"

"खोटं कोण म्हणतंय? चांगलंबी म्हणावं माणसानं कवातरी."

"चांगलं असलं की म्हणेन."

"तुम्हाला सवय न्हाई, दुसरं काय. तुमचंच म्हणणं हाय ना, रोज थोडं, आन् हळू? करा सुरू. ही भाकरी. बोला."

सरांनी भाकरी उचलली. सवयीनं उजेडात धरली. "चांगली आहे. फक्त कडेला जरा..."

"थांबा. 'आहे'ला थांबायचं. परत."

"चांगली आहे."

"सुरुवात बरी व्हती. शेवटाला आवाज पडला, जसं काय कुणी वारलंय. परत."

तो आठवडा आढावांच्या घरात कडक रियाज झाला. सकाळी चहाला छान, दुपारी वरणाला छान, संध्याकाळी शेजारच्या वासराला छान. शनिवारपर्यंत सरांचं 'छान' इतकं गुळगुळीत झालं, की तोंडातून आपोआप सटकायला लागलं. फेथनं पास केलं. चूक झाली ती इथं.

रविवारी कृपाबाईंनी युकुलेले पिशवीतून काढलं.

"छान," सर म्हणाले.

"सर, मी अजून तारा लावतीया."

"छान लावताय."

कृपाबाईंनी वाजवायला सुरुवात केली. एफ आला. जी-सेव्हनला बोटं एकमेकांवर चढली आणि खडड् असा आवाज आला.

"वा, छान!"

कृपाबाई थांबल्या. गळा गेला होता, कान शाबूत होते. आयुष्यभर दुसऱ्याचा सूर ऐकून आपला लावणारी बाई ती. 

"मागं चुका काढत व्हता, सर, तवा वाटायचं, अजून आशा हाय. आता सोडून दिलंत व्हय मला?"

सरांनी तोंड उघडलं. आठवडाभराच्या सरावामुळं आतून 'छान' बाहेर यायला निघालं होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं.  कृपाबाई पिशवी उचलून गेल्या.

पुढच्याच रविवारी हंगामाचा सण. या दिवशी ज्याच्या शेतात, परसात, चुलीवर जे झालं असेल ते त्यानं चर्चमध्ये आणायचं. उसाची मोळी, भोपळे, अंडी, पाय बांधलेली गावरान कोंबडी, कुणाच्या सुनेनं केलेला केक. सगळं पुढच्या टेबलावर मांडायचं. टेबलाला टेकलं ते देवाचं झालं. परत उचलायचं नाही. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसा चर्चला जातो.

गायकमंडळ गायलं. कृपाबाई तिसऱ्या बाकावर तोंड मिटून बसल्या होत्या. हात मांडीवर, रिकामे. सरांनी ते पाहिलं, आणि मग टेबलाकडं पाहिलं. भोपळा आणि कोंबडी यांच्या मधे युकुलेले ठेवलेलं होतं.

लिलाव दानिएलमामांकडं असतो. एरवी ते बाजारात कांद्याचा लिलाव पुकारतात, त्यामुळं आवाजाला कुलूप नाही आणि तारीफ करायला माल चांगलाच असला पाहिजे असंही नाही. "ह्यो भोपळा बघा! भोपळा न्हाई, पाटील हाय पाटील, बसलाय कसा!" भोपळा गेला. मग मामांनी युकुलेले उचललं, उलटं केलं, हलवून पाहिलं.

"आन् ह्ये... ह्ये गिटारीचं पिल्लू हाय. कृपाबाईंनी दिलंय. सर, ओ आढावसर! तुमच्या खात्यातला माल हाय. इकडं या, दोन शब्द बोला."

सर पुढं गेले. सगळं चर्च बघत होतं. मागून फेथ बघत होती. कृपाबाई तेवढ्या बघत नव्हत्या.

सरांनी युकुलेले हातात घेतलं आणि खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. "डाव्या अंगाला दोन ओरखडे आहेत," ते म्हणाले. "दांड्यावरच्या एका पट्टीची कड बाहेर आलीय. तारा बदलायला झाल्यात."

"सर, इकायचं हाय, सर!" दानिएलमामा कळवळले. बाकांवर हशा पिकला.

सर हसले नाहीत. ते दांड्याकडं बघत होते. मग त्यांनी चष्मा वर केला आणि आणखी जवळून बघितलं.

"पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात, दुसऱ्या तारेखाली, लाकडाला चकाकी आलीय," ते म्हणाले. "बाकी कुठं नाही. तिथं पहिलं बोट पडतं. रोज पडल्याशिवाय अशी चकाकी येत नाही. एक दिवसही चुकवून येत नाही. माझ्या वाद्याला यायला याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला."

हशा थांबला.

"आणि वाजवणारीचा ताल," सर म्हणाले. हे ते चर्चला सांगत होते का स्वतःला, कळत नव्हतं. "कॉर्ड चुकली की माणसाचा उजवा हात थांबतो. यवतच्या बाईंचा थांबायचा. माझा आजही थांबतो. कृपाबाईंचा कधी थांबलेला नाही. डावा हात पार चिखलात गेला तरी उजवा चालू. हे मी शिकवलेलं नाही."

तिसऱ्या बाकावर कृपाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा तो पाखडल्यासारखा आवाज, पण चर्च इतकं गप्प होतं की मागच्या बाकालाही ऐकू गेला.

"सर, ह्ये मला कवा सांगितलं तुम्ही?"

"नाही सांगितलं."

"का न्हाई?"

"त्यात चूक नव्हती."

"मंग चूक नसंल तर बोलायचंच न्हाई, असा काय नेम हाय का?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "क्वालिटी खात्यात आहे," ते म्हणाले.

कांद्याच्या बाजारात केस पांढरे केलेल्या माणसाला वारं कुठून फिरलं ते लगेच कळतं. "ऐकलंत?" दानिएलमामांनी हाळी दिली. "आढावसरांनी तारीफ केल्याला माल! जिल्ह्यात दुसरा मिळायचा न्हाई! बोला!"

पहिली बोली आली दारातून. अजीमची. चौफुल्याला त्याचं गॅरेज, दर वर्षी तो फक्त गावरान कोंबडीसाठी येतो. "रोज वापरातला पीस हाय म्हंता ना सर? म्हंजी रनिंग हाय. उभ्या गाडीवानी न्हाई. आमच्या पोरीला, अल्फियाला घेतो. लावा मामा."

मामांनी आकडा पुकारला. त्यावर आणखी एक आकडा आला, तिसऱ्या बाकावरून.

मामांचा हात हवेत राहिला. "बाई, दान तुमचंच हाय की. देवाला दिल्यालं परत घेता व्हय?"

"परत कुठं घेतीया? इकत घेतीया."

असा पेच आधी कधी पडला नव्हता. सगळ्यांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेबांनी छताकडं पाहिलं. वरून हरकत आली नाही.

"चालू द्या," पाळकसाहेब म्हणाले.

अजीमला अवघडल्यासारखं झालं. "काकू, सोडू का मी?"

"आरं सोडतोस कशाला? देवाचा माल हाय. सस्त्यात गेला तर बरं दिसंल का? बोल तू."

अजीम बोलला. कृपाबाई बोलल्या. बोली भोपळ्याच्या पुढं गेली, अंड्यांच्या पुढं गेली, केकला गाठायला आली. तिथं अजीमनं कानाला हात लावला. एक वार, दोन वार, तीन वार झालं आणि दानिएलमामांनी युकुलेले कृपाबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी ते तिथंच, बाकावर, मांडीवर घेतलं. सर समोर येऊन उभे राहिले. त्यांचं लक्ष अजून त्या चकाकीवरच होतं.

"हे बोट तुमचं पक्कं आहे," ते म्हणाले. "एफवरून जी-सेव्हनला जाताना त्याला उचलूच नका. दोन्ही कॉर्डला ते तिथंच लागतं. बाकीची दोन तेवढी हलवा. आत्तापर्यंत तुम्ही तिन्ही उचलत होता, आणि मी नुसतं उशीर मोजत होतो."

कृपाबाईंनी एफ धरला. उजवा हात सुरू झाला. पहिलं बोट जागेवर ठेवून त्यांनी बाकीची दोन हलवली. पाठीमागं कोंबडीची बोली चालू होती. जी-सेव्हन वाजला. तीन तारा स्वच्छ वाजल्या, एक फडफडली.

फेथ मागं येऊन उभी राहिली होती. 

"तिसरं बोट पट्टीवर चढलंय," सर म्हणाले. मग ओठ मिटले. मग परत उघडले. "पहिलं हललं नाही. ताल तुटला नाही."

"एवढंच?"

"आज एवढंच बरोबर होतं."

कृपाबाईंनी तिसरं बोट पट्टीवरून जरा मागं घेतलं. "ऱ्हाऊ दे. तिसऱ्याचं पुढच्या रविवारी बघू," त्या म्हणाल्या, आणि परत एफ धरला.