रूथचा तक्ता आणि माझी दुरुस्ती

माझ्या बहिणीची नोकरी मी एका ब्रशने जवळजवळ घालवली होती. ती तरीही तिला मिळाली, यात माझा काहीही दोष नाही.

मी संदीप, निमोण्यात पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून काम कमी आणि मतं जास्त झाली आहेत. गिऱ्हाइकाने लिहून दिलेल्या मजकुरातल्या चुका मी न विचारता सुधारतो, तेही फुकट! (चर्चच्या नाताळच्या बोर्डासाठी ‘आनंदी आनंद’ लिहून आलं होतं. एकाच गोष्टीला दोनदा रंग कशाला? मी एक आनंद उडवला. पाळकसाहेब तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलतात.)

धाकटी बहीण रूथ एम.एस्सी. झालेली. दोन कॉलेजांनी तिला ‘कळवतो’ म्हणून परत पाठवलं होतं. आता दौंडच्या एका कॉलेजात डेमो लेक्चर होतं. हेही हुकलं तर ती गणित सोडून मेडिकलच्या काउंटरवर बसणार होती. विषय होता ‘सांत क्रमनिरपेक्ष गट’. नाव ऐकूनच आईने तिच्यासाठी प्रार्थना सुरू केली.

“अगदी सोपं आहे,” रूथ म्हणाली. “चार चिन्हं. गोल, त्रिकोण, चौकोन, फुली. कुठलीही दोन एकत्र लावा, उत्तर या चारांतलंच. त्रिकोण आणि त्रिकोण मिळून चौकोन. कुणाचं काय उत्तर, ते या तक्त्यात बघायचं. आधी हे लाव नाहीतर ते लाव, उत्तर तेच.”

“आन् गोल लावला तर?” मी विचारलं.

“काहीच होत नाही. समोरचा होता तसाच राहतो.”

“मग त्याला ठिवलाय कशाला?”

“तो लागतोच, दादा!”

तिने तक्त्याचा कागद मला दिला आणि प्लायवूडवर मोठा करून मागितला. दुपारी मी कागद नीट पाहिला. वरच्या दोन ओळी सारख्या! डावीकडच्या दोन उभ्या रांगाही सारख्या! पोरगी घाबरलीय, घाईत दोनदा लिहिलंय, असं म्हणून मी प्रेमाने एक ओळ आणि एक रांग गाळली. आई चिन्हं वाचून सांगत होती, मी रंगवत होतो.

सकाळी सातला रूथ तक्ता पेपरात गुंडाळून दौंडला गेली. नऊ वाजता मी तिच्या कागदाला ब्रश पुसायला घेतला, तर मागे लिहिलेलं: ‘दादा, वरची ओळ आणि डावी रांग ही शीर्षकं आहेत. कृपया सुधारू नकोस!!’

मी कागद घेऊन आईकडे धावलो. जाता जाता दुसरीच शंका आली.

“आई, काल तू आडवं वाचत हुतीस का उभं?”

“आडवं! बायबल काय उभं वाचत्यात व्हय?”

मी मात्र हात रंगात बरबटू नये म्हणून वरून खाली रंगवत होतो! म्हणजे तक्ता अर्धवट होता आणि वर तो आडव्याचा उभा झाला होता. रूथला फोन लावला. बंद! लेक्चरच्या दिवशी ती फोन बंदच ठेवते.

मी पाऊण तासात दुसरा तक्ता रंगवला. या वेळी एक ठिपकासुद्धा सुधारला नाही. तो ओला तक्ता दोघांच्या मधे धरून आई मोटारसायकलवर मागे बसली. इनामगावच्या स्पीडब्रेकरवर आईसकट तक्ता माझ्या पाठीवर आपटला.

“थांबू नगंस!” आई ओरडली. “पुसलं तर पुसलं!”

आम्ही कॉलेजात पोचलो तेव्हा आईच्या हातात रंगाचा चिखल होता आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर संपूर्ण तक्ता उलटा छापलेला. रूथ वर्गाबाहेर आली.

“रूथ, माझं चुकलं गं! मी ओळ गाळली, आडव्याचं उभं केलं...”

“कळलं मला, पेपर काढल्याबरोबर!” ती म्हणाली. “पण गोलाची ओळ म्हणजे शीर्षकाचीच ओळ. गोल कुणालाच बदलत नाही ना! आणि क्रम बदलला तरी उत्तर तेच, म्हणून आडव्याचं उभं झालं तरी तक्ता तोच!”

तेवढ्यात वर्गातून एक पोक्त सर बाहेर आले आणि कौतुकाने म्हणाले, “शीर्षकं मुलांनी शोधावीत म्हणून मुद्दाम गाळलीत, हे फार आवडलं आम्हाला. सोमवारपासून या.”

मी पायरीवर बसलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आई तर रडलीच. दोन मिनिटांत मात्र माझी छाती फुगली.

“म्हंजी माझ्यामुळं लागली की नोकरी!”

“तुझ्यामुळं काहीच झालं नाही, दादा,” रूथ हसत म्हणाली. “सगळं होतं तसंच राहिलं.”

आईने डोळे पुसले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

“आत्ता कळलं! आपला संदीप गोल हाय!”

प्राध्यापक रूथची पहिली पास झालेली विद्यार्थिनी आमची सातवी शिकलेली आई. उदाहरण मी पुरवलं, तेही फुकट!