रेडिएटरमधली हळद

माझं डोकं लवकर तापतं. घरात सगळ्यांना माहीत आहे, ऑफिसातही एव्हाना माहीत झालंय. आईनं तर मी शाळेत असतानाच सांगून ठेवलं होतं की या पोराच्या जिभेला हाड नाही, एक दिवस आपलंच काहीतरी मोडून बसेल. ती गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी वडिलांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडात ब्रिस्टलला आणलं आणि तिचं म्हणणं खरं करून दाखवलं.

तेव्हा माझ्याकडे एक जुनी सुबारू लेगसी होती. इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीची, नव्वदच्या सुरुवातीची, मागच्या चाकांवरचा पत्रा गंजून पापड झालेला. आठवडाभर मी विमानाच्या पंखांचे ड्रॉइंग करत बसायचो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून मीटिंगा व्हायच्या, आणि रविवारी ही गाडी घेऊन चिखलात जायचो. हे वेड ऑफिसातल्या दोघांनी लावलं. दोघेही इथलेच, एक उंच आणि एक जाडा. जुनी सुबारू घ्यायची, तिला दोन इंच उंच करायची, दातेरी टायर चढवायचे, आणि मेंडिपच्या डोंगराकडे एका शेतकऱ्याचं खाजगी रान होतं तिथे ओढ्यातून, चढावरून घसरत, रुतत हिंडायचं. संध्याकाळी चहा पिऊन घरी. बायको म्हणायची, चांगली गाडी घाण करायला एवढ्या लांब जातात, आणि मग धुवायला पाणी माझं. ती चूक नव्हती.

वडील सरकारी बस डेपोच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं मेकॅनिक होते. इकडे आल्यावर पहिले तीन आठवडे ते मागच्या छोट्या खोलीत खिडकीशी बसून राहिले. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, ताट स्वतः धुवायचे. आईबद्दल एक शब्द नाही. मला वाटायला लागलं होतं की उगाच आणलं, तिकडे निदान कट्ट्यावर चार माणसं तरी होती.

मग एका शनिवारी मी घरासमोर गाडी स्टँडवर चढवून पुढच्या सस्पेन्शनवर ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवत होतो. गाडी उंच होते ती या ठोकळ्यांनी. एक बोल्ट काही केल्या बसेना आणि मी त्याला मराठीत यथेच्छ शिव्या घालत होतो. वडील स्लिपरवरच बाहेर आले, हात मागे बांधून उभे राहिले. थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले की बोल्टला शिव्या कळत नाहीत, ग्रीस कळतं. बाजूला सरकवलं मला, आणि दोन मिनिटांत बोल्ट बसवला.

त्या दिवसापासून गाडी त्यांची झाली. मी ऑफिसातून यायचो तर हे खाली आडवे. इंजिनच्या पोटाला दगड लागू नयेत म्हणून खाली एक जाड पत्रा लावतात, तो त्यांनी हॅकसॉ आणि कानशीनं हातानं घडवला. एवढा सुबक, की जाड्यानं त्याचे मोबाइलवर फोटो काढले. हँडब्रेकशेजारी एक छोटा जादा गिअर होता, चढावर गाडी मुंगीच्या पावलानं न्यायला. तो त्यांना फार आवडला. ते पुन्हा जेवणावर बोलायला लागले. आईनं एकदा डेपोत डबा आणला होता आणि साहेबाच्या जीपखाली नवरा समजून भलत्याच माणसाच्या पायाला हात लावून उठवलं होतं, ही गोष्ट मी पहिल्यांदा त्या उन्हाळ्यात ऐकली. सांगताना हसले, आणि मग उठून बेसिनपाशी जाऊन उगाच चूळ भरली.

फक्त माझ्या एका कामाबद्दल त्यांची कुरकुर होती. पाण्यात शिरताना रेडिएटरचा पंखा फिरत असला तर पाती पाण्याला अडून वाकतात आणि रेडिएटरलाच फाडतात. म्हणून पंखा बंद करायचं एक बटण मी डॅशबोर्डच्या खाली बसवलं होतं. ओढ्यात शिरण्याआधी बंद, बाहेर आलं की चालू. वडिलांनी ते दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "माणसाच्या आठवणीवर इंजिन सोडू नये." मी म्हटलं, सगळेच असं करतात. विषय संपला.

आता खरी गोष्ट. आयुष्यभर बस दुरुस्त केलेल्या या माणसानं कधी गाडी चालवली नव्हती. डेपोचा नियमच होता, मेकॅनिकनं इंजिन चालू करून बघायचं, बस हलवायची ती ड्रायव्हरनं. घरी आधी सायकल, मग एक मोपेड. एकदा माझ्याबरोबर रानात आले होते, शेजारच्या सीटवर दोन्ही हातांनी दांडी धरून. परतताना काचेतून बाहेर बघत म्हणाले, "चिखलात स्टेअरिंग हातात हलकं होतं म्हणायचे ड्रायव्हर. कसं होत असेल, कोण जाणे." आमच्या वडिलांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. त्यांचं मागणं म्हणजे हे एवढंच असतं, आणि ते मला लगेच कळलं. मी म्हटलं, खाजगी रान आहे, लायसन्स लागत नाही, शेतकऱ्याची हरकत नाही. तुमच्या फ्लाइटच्या आधीच्या रविवारी शेवटच्या सपाट मैदानात तुम्ही चालवायची. ते म्हणाले, "बघू." पण पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी घरासमोर बंद गाडीत बसून ते क्लच आणि गिअरची सवय करत होते. समोरच्या म्हातारीनं बायकोला काळजीनं विचारलंसुद्धा, की तुमचे सासरे ठीक आहेत ना.

तो रविवार उजाडला. वडील आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पॉलिश करून तयार. चिखलात जायला पॉलिश! बायकोनं हसून गमबूट दिले, ते त्यांनी पिशवीत घेतले.

रानात आमच्या तीन गाड्या. मी मध्ये, वडील माझ्या शेजारच्या सीटवर. ओढा आला, मी बटण दाबून पंखा बंद केला, पाणी दारापर्यंत आलं, पार झालो. लगेच पुढे मोठा चढ, मळलेल्या कणकेसारखा चिखल. छोट्या गिअरमध्ये इंच इंच चढलो. पाऊण चढावर बॉनेटमधून भस्सकन वाफ आली.

खाली उतरलो, बॉनेट उघडलं. आणि वास आला. हळदीचा. चांगला घमघमीत, वरणाला फोडणी दिल्यासारखा. रेडिएटरच्या झाकणाखालून पिवळं पाणी ओघळत होतं. उंच आणि जाडा धावत आले, त्यांनी वास घेतला, आणि खो खो हसत सुटले. आज जेवण गाडीतच शिजतंय का, असं काहीतरी उंच म्हणाला. वाईट मनानं नव्हे, तो माणूस वाईट नव्हताच. पण माझे कान तापले.

मी वडिलांना विचारलं, काय टाकलंत यात. ते म्हणाले, रेडिएटर खालून थोडा पाझरत होता, काल चमचाभर हळद टाकली, डेपोत आम्ही हेच करायचो, बारीक भोक बुजतं. लंडनमधल्या वेम्बलीच्या देशी दुकानातून आणलेल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या पुड्यातली हळद. मला न सांगता. माझ्या गाडीत. माझ्या माणसांसमोर.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "बाबा, ही तुमच्या डेपोतली खटारा बस नाही. यापुढे माझ्या गाडीला हात लावू नका." मराठीत म्हणालो, तरी त्या दोघांचं हसू थांबलं. आवाजाला भाषा लागत नाही.

वडिलांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून बंपरवर ठेवली आणि बाजूला झाले. अर्धा तास इंजिन निवू दिलं, पाणी भरलं. मग मी सुरू करायला आत बसलो आणि मला डॅशबोर्डखालचं बटण दिसलं.

ते बंद होतं. ओढ्यातून बाहेर आल्यावर मी पंखा चालू केलाच नव्हता. हळदीनं काही केलं नव्हतं, गाडी मी तापवली होती. मी.

मी बटण दाबलं. पुढे पंखा घरघरायला लागला. वडील उघड्या बॉनेटच्या कडेलाच उभे होते, त्यांनी मान वर केली, पंख्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली बघून बुटाला लागलेला चिखल गवताला पुसायला लागले. मी काचेच्या आड बसून होतो. त्या क्षणी दार उघडून दोन वाक्यं बोलायची होती, बस. माझी चूक, बाबा. मराठीत बोललो असतो तर त्या दोघांना कळलंही नसतं. पण मी इंजिनिअर, मी बसवलेलं बटण, आणि आत्ताच सगळ्यांसमोर बापावर खेकसलेलो. आपलं ठेवायचं झाकून. मी गिअर टाकला आणि चढ चढलो.

सपाट मैदान आलं. जाड्याच्या लक्षात होतं, त्यानं हात हलवून विचारलं की आता वडिलांची पाळी ना. मी खाली उतरलो, ड्रायव्हरचं दार उघडं धरलं. वडील म्हणाले, "नको. गाडी तापलीय, तिला आज त्रास नको." मी आग्रह केला. एकदाच केला, तोही घाईघाईनं. ते शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला, गमबूट पिशवीतच होते. चार दिवसांनी मी त्यांना हीथ्रोला सोडलं. घरापासून विमानतळापर्यंत ते हायवेवरच्या ट्रकांबद्दल बोलत होते.

मी नवा रेडिएटर मागवला, हळदीचा काढून टाकायला म्हणून. तो आला, खोकं गॅरेजमध्ये ठेवलं. दर शनिवारी ठरवायचो, उघडायचो नाही. बायकोलाही खरं सांगितलं नाही. ती समजायची की मला हळदीचा राग अजून आहे, आणि मी तिला तसंच समजू देत होतो. एवढा नालायकपणा माझ्यात आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

दर रविवारी मी फोनचं कार्ड खरवडून, तो लांबलचक नंबर लावून घरी फोन करायचो. काय जेवलात, गोळ्या घेतल्या का, तिकडे थंडी किती, एवढंच. पुढच्या वर्षी या म्हटलं की, बघू. असे दोन उन्हाळे गेले. एका रविवारी मी सहज म्हणालो की काल ओढ्याला पाणी फार होतं.

मग वडील म्हणाले, "त्या पंख्याच्या बटणाला एक लाल दिवा लाव रे. बंद असलं की पेटेल असा. पाण्यातून बाहेर आल्यावर माणूस विसरतो."

मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"वाफ यायच्या आधीपासून. पंख्याचा आवाज येत नव्हता. तुला सांगणार होतो, पण तू चढावर होतास, म्हटलं लक्ष विचलित नको."

"आणि नंतर? मी एवढं बोललो तेव्हा?"

"चारचौघांत कशाला? तुझी माणसं होती ती."

एवढं होऊनही मला माफी मागता आली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते माझ्याच घराण्यासाठी असावं. मी म्हणालो, या उन्हाळ्यात याच, तिकीट काढतो, मैदानात तुम्हीच चालवायची. ते म्हणाले, बघू. माफी समोर बसून मागू असं मी मनाशी ठरवलं आणि कार्डावरची मिनिटं संपली.

मी दिवा लावला. दोन तासांचं काम. त्याचा फोटोही काढून ठेवला, आले की दाखवू म्हणून. मार्चचं तिकीट काढलं होतं. फेब्रुवारीत ते अंगणात नळ दुरुस्त करत असताना पडले आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिकडे राहणाऱ्या भावानं मला त्यांची पिशवी दिली. तिच्यात बायकोनं दिलेले ते गमबूट होते, कोरे, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलेले.

परत आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, बटणापासून. ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं, हे ठीक आहे रे. पण ते त्यांना तुझ्याकडून ऐकायला मिळायला हवं होतं." मी ओट्याला टेकून रडलो. तिनं गॅस बंद केला आणि माझ्याजवळ उभी राहिली.

गाडी त्यानंतर दीड वर्ष चालली. पत्रा इतका गंजला की वार्षिक तपासणीत नापास झाली आणि भंगारवाला तिला न्यायला आला. ट्रकवर चढवण्याआधी त्यानं खाली वाकून बघितलं, कारण पेट्रोल, तेल, पाणी काही कुठून गळत नाही ना हे त्याला बघायचं होतं. मीही त्याच्याबरोबर जमिनीवर गुडघे टेकले आणि रेडिएटरच्या खालून हात फिरवला. कोरडा होता. नवा रेडिएटर अजून खोक्यातच आहे.