सर्वानुमते मंजूर

पॉवरलूम मालकांच्या संघटनेत मी बारा वर्षं कारकुनी केली. पत्रं टाइप करायची, सभेच्या नोटिसा पोचवायच्या, इतिवृत्त लिहायचं आणि पुढच्या सभेत ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. हे वाचणं म्हणजे नुसता उपचार. मी उभा राहिलो की समोसे यायचे. सभासद चटणी एकमेकांकडे सरकवायचे, कोणी फोनवर शिफ्टची चौकशी करायचं, आणि माझा आवाज थांबला की सगळे एका सुरात म्हणायचे, "मंजूर, मंजूर." अध्यक्ष सही ठोकायचे. सही झाली की तो संघटनेचा ठराव. ह्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं.

एकदा दिल्लीहून मंत्रालयाचं पत्र आलं. एका देशाशी व्यापार करार होणार होता आणि तिकडच्या कापडावरचं आयातशुल्क जवळजवळ उठणार होतं. संघटनांनी पंधरा दिवसांत आपलं म्हणणं कळवावं, असं लिहिलं होतं. मला भलताच हुरूप आला. सरकार भिवंडीला विचारतंय! मी वही घेऊन शेड पालथ्या घातल्या. शेवटी शेलार गावात चाचांकडे गेलो. त्यांच्याकडे माझे वडील जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करायचे. चाचांनी भर शिफ्टमध्ये वीसच्या वीस लूम बंद केले, मला नीट ऐकू यावं म्हणून.

"लिख बेटा," ते म्हणाले. "बाहर का कपड़ा बिना टैक्स आया, तो हमारा माल कौन उठाएगा? और ये भी लिख, इस शेड पे आठ घर चलते हैं."

मी लिहिलं. सगळ्यांचं मिळून चार पानी निवेदन तयार केलं आणि अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. "छान केलंस, ठेव," म्हणाले. पुढच्या सभेत त्यांनी इतिवृत्ताचे कागद स्वतःच टाइप करून आणले. "आज हेच वाच."

मी वाचत गेलो. मध्येच आलं, "प्रस्तावित करारास संस्थेचा पाठिंबा असून तसे कळविण्याचे अधिकार अध्यक्षांस देण्यात येत आहेत." माझी जीभ अडखळली. मी शेठकडे पाहिलं. त्यांनी हातानं खूण केली, पुढे चल. मी पुढे चाललो. नोकरीची भीती, दुसरं काय! दुसऱ्या रांगेतले चाचा बोटाची चटणी पुसत सगळ्यांच्या वरताण आवाजात म्हणाले, "मंजूर."

करार झाला. शेठचं हायवेलगतचं गोदाम त्या देशातून आलेल्या कापडाच्या गाठींनी छतापर्यंत भरलं, तेव्हा त्या पाठिंब्याचा अर्थ मला कळला. वर्षभरात चाचांचे चौदा लूम भंगारात गेले. भंगारवाले ते घणानं फोडून टेम्पोत टाकत होते तेव्हा मी तिथेच होतो. त्यातले निम्मे माझ्या वडिलांनी हातांनी बसवलेले. चाचांनी मला विचारलं, "मेरी बात दिल्ली भेजी थी ना तूने?"

"भेजी थी," मी म्हणालो.

ते खोटं बोललो त्या दिवसापासून मी शेठच्या वाईटावर टपलो. त्यांच्यासमोर चहा ठेवताना, त्यांची पत्रं टाइप करताना, गाडीचं दार उघडताना माझ्या डोक्यात एकच होतं, ह्या माणसाला चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही. दिघाशीला, गावी आईपाशी एकदा बोलून गेलो. ती म्हणाली, "त्याचा काय वाकडा व्हनार न्हाय, तुजीच नोकरी जाईल." मी म्हटलं, जाऊ दे.

मग दुसरं पत्र आलं. दुसरा देश, नवा करार, पुन्हा पंधरा दिवस. सोबत शुल्क उठणाऱ्या वस्तूंची जाडजूड यादी. शेठनी पत्राकडे पाहिलंही नाही. "पाठिंबा कळवून टाक. दिल्लीत आपलं वजन राहतं." एवढं मला पुरे होतं. त्यांचा पाठिंबा, तर माझा विरोध. यादी मी उघडली नाही. ह्या वेळी वही घेऊन शेडमध्येही गेलो नाही. गेलो असतो तर शेठना कुणकुण लागली असती.

इतिवृत्तात मधोमध मी लिहिलं, "मागील करारास अध्यक्षांनी सभासदांना अंधारात ठेवून पाठिंबा दिला, याबद्दल अध्यक्ष सभेची माफी मागतात. प्रस्तावित करारास संस्थेचा संपूर्ण विरोध आहे." समोसे आले आणि मी वाचायला उभा राहिलो. ह्या वेळी जीभ अजिबात अडखळली नाही. शेठ फोनवर होते. "मंजूर, मंजूर," सभा म्हणाली. शेठनी फोन कानाला लावूनच सही केली. दुपारी खाली सगळ्या सभासदांची नावं घालून तो कागद मी ईमेलनं दिल्लीला पाठवला.

सोळाव्या दिवशी, मुदत उलटल्यावर, मी त्याची प्रत नोटीस बोर्डावर डकवली. तासाभरात ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ लालबुंद होऊन माझ्यावर ओरडत होते, आणि सभासद त्यांना विचारत होते, सही तुमची ना? न वाचता केली म्हणावं तर अध्यक्ष कशाला झालात, आणि वाचून केली म्हणावं तर चोरी कबूल. मी कपाटाला टेकून मजा बघत होतो. आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. जाता जाता मलाही काढलं. मला शष्प वाईट वाटलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी मिठाईचा पुडा घेऊन चाचांकडे गेलो. चौदा लूमचा बदला मी घेतला होता, त्यांना सांगायला नको? चाचा खाटेवर बसले होते. शेजारी त्यांची सून, हातात ती जाडजूड यादी. तिनं कुणाकडून तरी मिळवून त्यांना वाचून दाखवली होती.

"इसमें कपड़ा किधर है?" चाचांनी विचारलं. "इसमें तो सूत है. वहाँ का सूत सस्ता आता, तो मेरे बचे हुए छह लूम चलते रहते. ये करार तो हमको चाहिए था."

माझ्या हातातला पुडा तसाच राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "चाचा, सभा में मंजूर तो आपने भी बोला."

"हाँ, बोला. पहली बार उसने बुलवाया, दूसरी बार तूने." ते शांतपणे बोलत होते, आणि तेच मला सोसत नव्हतं. "और मेरी बात भी तूने नहीं भेजी थी. बोर्ड पे पढ़ा मैंने."

दिल्लीला पुन्हा लिहितो, मी म्हणालो. मुदत संपली, सून म्हणाली. ती मुदत संपायची वाट मीच पाहिली होती.

शेठवरचा माझा राग आजही तसूभर कमी झालेला नाही. आज समोर आले तर आजही तेच करीन, असं मी अजून म्हणतो. पण तसं म्हटलं की चाचांचं त्या दिवशीचं शेवटचं वाक्य मध्ये येतं.

"बदला तेरा था बेटा," ते म्हणाले. "नीचे नाम हम सबका काहे को लिखा?"